बॉसचा फोन आणि शुक्रवारची दुपार

मागच्या रविवारी मामाकडे राहूला गेले होते. वाघोली-केसनंद सोडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस आणि मध्येच गुऱ्हाळाचा तो गोड वास. मामेभाऊ खराडीत आयटीवाला, तोही महिन्याने घरी आलेला. मामीने पानं वाढली, मटणाचा रस्सा वाफाळत होता आणि साहेबांचा मोबाइल वाजला. ‘पाचच मिनिटं!’ म्हणत अंगणात गेला तो पाऊण तासाने परतला. रस्सा गार, मामीचा चेहरा त्याहून गार.

मामा मला म्हणाला, ‘तू पेपरात लिहितीस ना? याला काय कायदाबियदा नाय का गं?’

गंमत बघा, दौंड तालुका येतो बारामती लोकसभा मतदारसंघात. आणि इथल्याच खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक मांडलं होतं. ऑफिस सुटल्यावर बॉसचा फोन उचलला नाही, तर कर्मचाऱ्यावर कारवाई करायची नाही. कंपनीने नियम मोडला, तर एकूण पगाराच्या एक टक्का दंड! फ्रान्सने २०१७पासून असा हक्क कायद्यात आणलाय.

‘मग झाला का कायदा?’

नाही ना! मांडणं ही फक्त पहिली पायरी. मग त्यावर चर्चा, एकेका कलमावर विचार आणि शेवटी मतदान. लोकसभेतून पार पडलं की राज्यसभेत पुन्हा तेच सगळं. दोन्हीकडे मंजुरी मिळाली की राष्ट्रपतींची सही. तेव्हा कुठे विधेयकाचा कायदा होतो.

त्यात मंत्र्याने मांडलं तर ते सरकारी विधेयक. बाकी खासदारांचं ते खासगी. सरकारकडे बहुमत असतं, वेळही असतो. खासगी विधेयकांच्या वाट्याला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास, तेही साधारणपणे आलटून-पालटून ठरावांबरोबर वाटून घ्यायचे. आजवर अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७०मध्ये! शिवाय लोकसभा विसर्जित झाली की तिथे अडकलेलं विधेयकही बाद. २०१९मध्ये तेच झालं. सुळेंनी डिसेंबर २०२५मध्ये ते पुन्हा मांडलं.

मामाने क्षणात निकाल दिला, ‘म्हणजे कारखान्यात उसाची नोंद झाली, पण तोड काय येईना!’

अगदी! पण नोंदच नसेल, तर तोड कुठून येणार? तिरुची शिवा यांचं तृतीयपंथीयांच्या हक्कांचं खासगी विधेयक २०१५मध्ये राज्यसभेने मंजूर केलं. लोकसभेत ते अडलं, पण विषय मागे पडला नाही. २०१९मध्ये सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला. तो अनेकांना अपुरा वाटला, हेही खरं. पण सुरुवात झाली ती एका खासदाराच्या कागदाने.

तेव्हा दोस्तहो, कँटीनमध्ये बॉसच्या नावाने बोटं मोडताना एक मेल आपल्या खासदारालाही टाका. तुमचा खासदार या विधेयकाच्या बाजूने आहे का, एवढं तरी विचारा.

माझं काय? फ्रीलान्सरला ना ऑफिस, ना सुटायची वेळ. हा कायदा झाला तरी माझ्या कामाचा नाही. पण त्या दिवशी निघताना मामी मामेभावाच्या डब्यात रस्सा भरत होती आणि म्हणत होती, ‘तिकडं तरी गरम करून खा रे.’ तेवढ्यासाठी तरी तो व्हावा, असं फार वाटलं.