नकाशा आकाशातून, जबाबदारी जमिनीवर

भरतीने झाकला जाणारा आणि ओहोटीने उघडा पडणारा खाडीकाठ चिखलात उतरून मोजणे दुष्कर असते. तेथे विमानातून केलेले दूरसंवेदन उपयोगी पडते. भारतात १९७० च्या सुमारास डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळातील माडांच्या बागा हेलिकॉप्टरमधून अवरक्त किरणांना संवेदनशील असलेल्या फिल्मवर टिपण्यात आल्या. रोगट व निरोगी माडांतील भेद त्या छायाचित्रांत उमटला.

यामागील तत्त्व सोपे आहे. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. पाणी हे किरण शोषते. म्हणून ओला चिखल काळपट, तर सुकी वाळू उजळ दिसते. २०१५-१६ मध्ये 'इस्रो' व 'नासा' यांनी भारतात केलेल्या हवाई पाहणीतील उपकरण परावर्तित प्रकाश चारशेहून अधिक पट्ट्यांत विभागून मोजत होते. अर्थात उड्डाणाला ओहोटीची वेळ साधावी लागते आणि चित्राचा पडताळा जमिनीवरच घ्यावा लागतो.

हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्रातील खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर नोंदली आहे. परंतु उपग्रहचित्रांवर आधारलेल्या या मोजणीत एक हेक्टरहून लहान तुकडा धरला जात नाही. तिवरे मात्र बहुधा तुकड्यातुकड्यानेच नष्ट होतात. आज भराव पडतो, उद्या कुंपण येते, परवा बांधकाम उभे राहते. यातला नफा भराव घालणाऱ्याच्या पदरी पडतो. तोटा मात्र मासळीची वीण घटल्याने कोळ्याला आणि भरतीचे पाणी घरात शिरल्याने काठच्या वस्तीला सोसावा लागतो. जे हिशेबातच नाही, त्याची भरपाई मागायची कोणाकडे?

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीला मनाई करून तिचे नकाशे तयार करण्याचा आदेश दिला. त्या आदेशाला धार यावयाची, तर नकाशे सूक्ष्म आणि ताजे हवेत. हवाई पाहणी खर्चिक आहे, हा आक्षेप खरा. पण सारा किनारा दरवर्षी टिपण्याची गरज नाही. ज्या खाड्यांवर भरावाचे संकट आहे, त्या ठराविक वर्षांनी तपासाव्यात. तयार झालेले नकाशे ग्रामपंचायतीत, महसुली दप्तरात आणि शाळेच्या भिंतीवर लागावेत. सार्वजनिक पैशाने केलेला नकाशा कपाटात पडून राहिला, तर तो संरक्षणाचे साधन न होता झालेल्या नाशाचा पंचनामा तेवढा ठरेल.