पंचनाम्याच्या आधी या

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या ग्रामस्थांनो, सरपंचांनो, पोलीस पाटलांनो,

गणपती तोंडावर आले. दरवर्षीप्रमाणे महामार्गावर पोलिसांचे तंबू लागतील, अवजड वाहनं थांबवली जातील, नाक्यावर आपल्याच ठाण्याचा हवालदार शिट्टी घेऊन उभा दिसेल. विसर्जन झालं की तंबू उठतात आणि हवालदारही जातो. आमची मागणी एवढीच आहे की, स्थानिक पोलीस ठाण्यांची गस्त या रस्त्यावर बारमाही हवी. गणपतीत जमतं, ते शिमग्यात का जमू नये?

महामार्ग पोलीस आहेत, पण एवढ्या लांबीला ते पुरे पडत नाहीत. ठाण्यात तक्रार न्यावी, तर "ते महामार्गवाल्यांचं काम" असं ऐकावं लागतं. अपघात झाला की मात्र गुन्हा त्याच ठाण्यात नोंदवला जातो, पंचनाम्याला तेच येतात, घरच्यांना फोनही तेच लावतात. माणूस मेल्यावर हद्द त्यांची, जिवंत असताना कुणाची? कायद्याची तर काहीच आडकाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे गणवेशातला कोणताही पोलीस अधिकारी चालकाकडे परवाना मागू शकतो.

रात्री कुठल्याही ढाब्यासमोर बघा. ट्रक अर्धा रस्त्यावर, मागचे दिवे बंद, चालक केबिनमध्ये झोपलेला. इशारा म्हणून मागे चार दगड आणि एक झाडाची फांदी. पहाटे ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. मग कामावर निघालेला दुचाकीवाला त्यांवर आदळतो. लांबच्या पथकाला हे कळणार कसं? बीट अंमलदाराला ढाबाही माहीत असतो आणि ढाबेवालाही.

"आधी रस्ता नीट करा, मग पोलिसांचं बघू," असं काही जण म्हणतात. २०११ पासून चौपदरीकरणाचं रडगाणं ऐकणाऱ्यांचा राग समजतो. पण जिथे काँक्रीट झालं, तिथे वेग सुसाट वाढला. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. राष्ट्रीय महामार्ग एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के, पण त्यांवरचे बळी ३६ टक्क्यांच्या घरात. सर्वाधिक मृत्यू अतिवेगानं झाले, खड्ड्यांनी नव्हे.

आता थोडं कडू. दुभाजकातली फट लांब पडते म्हणून उलट्या बाजूनं दुचाकी हाकणारी पोरं मुंबईची नाहीत, आपलीच आहेत. गस्त सुरू झाली की पहिलं चलान त्यांनाच बसेल. त्या दिवशी "आपला माणूस आहे, सोडा" म्हणून साहेबांना फोन करायचा नाही. हे कबूल नसेल, तर ही मागणीही करू नका. दुसरी भीती वसुलीची, आणि ती खोटी नाही. म्हणून दंड फक्त ई-चलानानं, रोख एक रुपयाही नाही, हेही लिहूनच मागा.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. गावच्या हद्दीतली धोक्याची वळणं, उतार, अंधारे थांबे नावानिशी लिहा. रात्री दहा ते पहाटे पाच ठाण्याची गाडी तिथून फिरावी आणि मनुष्यबळ कमी असेल तर नाक्यांवर होमगार्ड द्यावेत, असं स्पष्ट मागा. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असली वाक्यं नकोत. त्यातून काहीच होत नाही. ठराव पोलीस ठाण्यात, पोलीस अधीक्षकांकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन द्या.

तोवर अंधारात उभं वाहन दिसलं तर ११२ वर कळवा. कुणी जखमी असेल तर १०८ ची गाडी बोलवा आणि न घाबरता मदत करा. मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याच्या पाठीशी आहे.

आणि ठराव दिल्यावर शिक्क्यानिशी पोच घ्या. ती नसेल तर ठराव मिळालाच नाही म्हणतात.

आपला,
महामार्गालगतचा एक रहिवासी