पिस्तूल घेताय? आधी स्प्रिंग कुठं मिळते ते विचारा

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावचा एक निवृत्त हवालदार माझ्याकडं आला. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं बत्तीसचं पिस्तूल काढून त्यानं ओट्यावर ठेवलं. म्हणाला, "सुभेदारसाहेब, बघा की जरा. पहिली गोळी जाते, दुसरी अडकते." मी मॅगझिन काढून बघितलं. ओठ एका बाजूला वाकलेला, स्प्रिंग मेलेली. दोष एवढाच. पण हा एवढासा दोष घेऊन तो गडी चार महिने फिरत होता. विकणारा म्हणे, मॅगझिन मागवावं लागेल. गावचा लेथवाला म्हणे, आणा, करून देतो. आणि ज्या नोकरीसाठी फंडाचे पैसे मोडून पिस्तूल घेतलं ती नोकरी तोवर दुसऱ्याला गेली होती.

वाचकहो, मी फौजेत आर्मरर होतो. म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा. बावीस वर्षं हेच काम केलं. म्हणून गावाकडं आल्यावर लोक मला हमखास विचारतात, "साहेब, कुठलं पिस्तूल चांगलं?" मी उलट विचारतो, "इंजिन घेताना काय विचारलं होतंस?" कृष्णाकाठचा शेतकरी इंजिन घेताना रंग बघत नाही. पार्ट तालुक्याला मिळतो का आणि मिस्त्री बोलावल्यावर येतो का, हे विचारतो. ज्या मुलखात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि जिथून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेला, तिथल्या माणसाला हे शिकवायची गरज नाही. मग शस्त्र घेतानाच हे शहाणपण कुठं जातं?

आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न हौसेचा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढंच 'मिलिटरी' लागलंय. १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली. घरटी एक माणूस फौजेत अशी गावं इथं आहेत. हा माणूस चाळिशीच्या आत-बाहेर पेन्शनीवर येतो. मुलं शिकायची असतात, बोअरला पाणी नसतं. मग बँकेत, पतसंस्थेत, पैशाच्या गाडीवर राखणदाराची नोकरी धरायची. तिथं पहिला प्रश्न असतो, "परवान्याचं हत्यार आहे का?" म्हणजे हे हत्यार त्याचं बैल-औत आहे. ते बंद पडलं की चूल अडते.

आता फौजी माणसाची गफलत कुठं होते बघा. तो म्हणतो, "आमचं नऊ एमएमचं पिस्तूल कधी अडकलं नाही." खरं आहे. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ते पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या घडणीचं, मोठं खात्रीचं हत्यार. पण ते अडकत नव्हतं याचं अर्धं श्रेय पलटणीच्या शस्त्रागाराला होतं. ठरल्या दिवशी तपासणी, कमजोर स्प्रिंग दिसली की बदली, डेपोतून येणारे सुटे भाग आणि वर ईएमईची वर्कशॉप. जवानाच्या हातात पिस्तूल होतं, पण त्याच्या पाठीमागं सगळा गोदाम उभा होता. गावाकडं पिस्तूल येतं, गोदाम येत नाही. शिवाय नऊ एमएम हा बोअर खाजगी माणसाला मनाई असलेला. तेव्हा ती जुनी ओळख इथं उपयोगाची नाही.

मग हातात राहतात तीन हत्यारं. बारा बोअरची बंदूक, बत्तीसचं रिव्हॉल्वर आणि बत्तीसचं पिस्तूल.

बारा बोअरची दुनळी म्हणजे जुन्या वाड्यासारखी. दिसायला अवजड, पण आत गुंतागुंत नाही. दोन नळ्या, दोन चाप, दोन वेगळी कुलपं. एका बाजूची फायरिंग पिन मोडली तरी दुसरी बाजू चालते. नळी उघडली की आत काडतूस आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं, त्यामुळं अपघाताची भीती कमी. काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं, म्हणजे पुण्याचंच. आणि बँकेच्या राखणदारीला बहुतेक ठिकाणी हीच मागतात.

रिव्हॉल्वरमध्ये सहा गोळ्या. एखादी गोळी उडाली नाही तर परत चाप ओढायचा, पुढची गोळी आपसूक समोर येते. मॅगझिन नाही, त्यामुळं मॅगझिनचं दुखणंही नाही. पण चक्र फिरवणारी आतली कळ झिजली तर घर आणि नळी नीट जुळत नाही. ते काम जाणत्याचंच. घरी स्क्रू खोलून बसू नये.

पिस्तूल चपटं, खिशात मावणारं, दिसायला रुबाबदार. पण त्याचं चालणं एका साखळीवर अवलंबून. गोळी उडाली की तिच्याच धक्क्यानं स्लाइड मागं जाते, एक्स्ट्रॅक्टर रिकामी कोठी ओढतो, इजेक्टर बाहेर फेकतो, स्प्रिंग स्लाइड पुढं ढकलते, ती मॅगझिनमधली पुढची गोळी उचलते. या पाचांतला एक जरी आजारी पडला तर हातात लोखंडाचा तुकडा उरतो. गोळी फुसकी निघाली तर स्लाइड हातानं ओढावी लागते. माझ्याकडं दुखणं घेऊन आलेल्या दहा पिस्तुलांत सात-आठांचं दुखणं मॅगझिनमध्ये निघतं, बाकीचं मळात. पिस्तूल वाईट हत्यार आहे असं मी म्हणत नाही. ते रोजची देखभाल आणि हाताशी सुटा भाग मागतं, एवढंच. दोन्ही द्यायची तयारी असेल तर खुशाल घ्या.

आणखी एक घोटाळा. रिव्हॉल्वरलाही 'बत्तीस' म्हणतात, पिस्तुलालाही 'बत्तीस' म्हणतात, पण दोघांचं काडतूस एक नाही. रिव्हॉल्वरचं लांब, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्यात घालायचा प्रयोग करू नका.

विलायती पिस्तुलांचा मोहही आवरा. खाजगी माणसाला परदेशी हत्यार आणणं १९८० च्या दशकातच बंद झालं. त्यामुळं बाजारात फिरणारी वेब्ली, वॉल्थर ही आजोबांच्या वयाची. किंमत कित्येक लाखांत, आणि मोडलेला एक्स्ट्रॅक्टर आणायचा कुठून? त्यापेक्षा सरकारी कारखान्याचं देशी हत्यार बरं. दिसायला ओबडधोबड असेल, पण त्याचा भाग देशात कुठंतरी बनतो.

आता 'कुठंतरी' या शब्दावरच सगळं अडतं. कारखाने कानपूर आणि कोलकात्याकडं. ज्याचा परवाना महाराष्ट्रापुरता, तो हत्यार खांद्याला लावून रेल्वेनं कानपूरला जाऊ शकत नाही. आणि गावच्या लेथवर भाग करून घेणं? आपल्याकडचा लेथवाला हुशार आहे, साताऱ्याच्या आणि कुपवाडच्या एमआयडीसीत काय बनत नाही सांगा! पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. बिनपरवाना पिन करून देणारा आणि करून घेणारा, दोघेही अडचणीत. त्या हवालदाराला मी हेच सांगितलं, आणि मीही त्याच्या पिस्तुलाला हत्यार लावलं नाही. दोष दाखवला आणि परवानाधारक कारागिराकडं पाठवलं. त्यासाठी त्याला जिल्हा ओलांडावा लागला.

खरं तर हे हात आपल्याच मातीत होते. मिरजेची सतार आणि तानपुरा जगात गाजतो, २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ते घडवणाऱ्या घराण्यांचा मूळ धंदा शिकलगारीचा, म्हणजे हत्यारं घडवण्याचा आणि त्यांना पाणी-धार देण्याचा. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम संपलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडं वळले. संगीताचं भलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हत्याराचा जाणता कारागीर तालुक्यातून गेला तो गेलाच.

देखभालीचं म्हणाल तर आपले दोन जिल्हे म्हणजे दोन हवामानं. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याकडं चार महिने भिंतीला ओल. तिथं हत्याराचा वैरी गंज. माण, खटाव, आटपाडी, जतकडं फुफाटा. तिथं वैरी धूळ. पश्चिमेकडच्यानं हत्यार कधीही चामड्याच्या म्यानात किंवा कापडी कव्हरात घालून ठेवू नये. कव्हर ओल धरतं आणि महिन्याभरात लोखंडाला पुटकुळ्या येतात. पूर्वेकडच्यानं तेल चोपडू नये. जादा तेलात धूळ बसते, तिचा चिकट लगदा होतो आणि स्लाइड अडते. तेलाचं बोट फिरवून कोरड्या चिंधीनं पुसलं की पुरे. काडतुसाला तर तेल लावूच नका, टोपीत तेल मुरलं की गोळी फुसकी. जुनी काडतुसं आधी वापरा. पिस्तूल घेतानाच दुसरं मॅगझिन मागून घ्या. आणि वर्षातून एकदा तरी अधिकृत रेंजवर दहा गोळ्या चालवा. दहा वर्षं कपाटात पडलेल्या हत्याराच्या भरवशावर बँकेच्या दारात उभं राहणं म्हणजे न बघितलेल्या बैलाला गाडी जुंपणं.

एवढं सांभाळूनही एक ठिकाण उरतं, निवडणूक. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्यांना हत्यार जमा करावं लागतं. २०२४ साली आपल्याकडं लोकसभेचं मतदान ७ मे ला झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. म्हणजे एका वर्षात दोनदा जमा. शांततेसाठी ते व्हायलाच पाहिजे. पण माझ्या ओळखीच्या एकाची दुनळी गठ्ठ्यात, ओल्या फरशीवर राहिली आणि परत आली ती नळीत गंज घेऊन. भरपाई कुणाकडं मागायची? म्हणून जमा करताना हत्यार साफ करा, नळीत तेलाचं बोट द्या, पावतीवर नंबरासोबत मॅगझिन किती आणि हत्याराची हालत काय हे लिहून घ्या. लिहून मागायला लाजू नका.

आता मागणं. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत निदान एक परवानाधारक दुरुस्ती केंद्र हवं, आणि तिथं देशी हत्यारांच्या स्प्रिंगा, पिना, मॅगझिन ठेवलेली असावीत. हे काम करायला निवृत्त आर्मरर इथंच आहेत, रिकामे बसलेत. प्रशासनानं त्यांना परवाने द्यावेत, कारखान्यानं भाग द्यावेत. हत्यारं जमा होतात तिथं लाकडी घोडी आणि कोरडी खोली असावी. यात सरकारची तिजोरी रिकामी होत नाही. उलट चोरून लेथवर जाणारं काम उजेडात येईल, नोंदीत येईल.

तोवर माझा सल्ला जुनाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात. घेतलेलं हत्यार बैलासारखं बाजारात नेऊन बदलताही येत नाही. म्हणून घाई नको. राखणदारीची नोकरी धरायची असेल तर बारा बोअरची दुनळी घ्या. अंगाजवळ ठेवायचंच असेल तर रिव्हॉल्वर बघा. पिस्तुलावरच मन बसलं असेल तर पैसे मोजण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, "याची मॅगझिनची स्प्रिंग आज, आत्ता, तुमच्याकडं आहे का?" तो "मागवून देतो" म्हणाला, तर नमस्कार करून पायरी उतरा.