विमानांच्या ऑर्डर मोठ्या, नव्या पायलटांसाठी दार अरुंद

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या ऑर्डर दिल्या. हे आकडे ऐकून अनेक घरांत पायलट होण्याचे स्वप्न जागे झाले. पण विमाने टप्प्याटप्प्याने, अनेक वर्षांत येतात आणि खरी चणचण अनुभवी कॅप्टनची असते. २०० तासांच्या उड्डाणानंतर कमर्शियल लायसन्स मिळते. टाइप रेटिंगचा लाखोंचा खर्च वेगळा. २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली, तेव्हा अनुभवी पायलटही नोकरीच्या रांगेत आले. श्रीमंताचा मुलगा दोन वर्षे थांबू शकतो. कर्जाचा हप्ता थांबत नाही. तरुणांनो, स्वप्न सोडू नका. मात्र घर गहाण ठेवण्यापूर्वी क्लास वन मेडिकल करून घ्या आणि संस्थेच्या किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, हे लेखी मागा.