'डिपेंडंट' व्हिसावर निघालात? मग हे वाचाच!

'मुलगा यूएसला आहे.' हे तीन शब्द कानावर पडले की कर्जत, नेरळ, खोपोलीकडच्या घरांत कांदेपोह्यांचा बेत आजही जरा लवकरच ठरतो. मग प्रश्नांची फैर सुरू. कंपनी कुठली? पॅकेज किती? ग्रीन कार्डचं काय? घर घेतलंय की भाड्याचं? सगळं विचारून होतं. राहतो तो एकच प्रश्न. लग्नानंतर तिकडे मुलीला नोकरी करता येईल का?

ही मुलगी कोण असते? भल्या पहाटे कर्जतहून सुटणारी लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बरची गाडी घ्यायची आणि ऐरोली नाहीतर घणसोलीच्या ऑफिसात वेळेवर कार्ड पंच करायचं, असं रुटीन चार-पाच वर्षं पाळलेली. जाऊन-येऊन रोजचे चार-पाच तास प्रवासात घालवून तिनं करिअर उभं केलेलं असतं. आणि एक दिवस पासपोर्टवर एक स्टिकर चिकटतो, ज्यावर तिची ओळख असते 'डिपेंडंट'. म्हणजे अवलंबून असलेली!

शब्द बोचरा आहे, पण त्याचा अर्थ सगळीकडे सारखा नाही, हे आधी लक्षात घ्या. काही देशांत डिपेंडंटला पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते, काही देशांत वर्षानुवर्षं थांबावं लागतं. त्यामुळे 'फॉरेनला जायचंय' एवढंच ठरवून चालत नाही. कुठल्या देशात आणि कुठल्या व्हिसावर, हे विचारायलाच हवं.

एच-४चं कोडं

सुरुवात अर्थातच अमेरिकेपासून. नवरा एच-१बी व्हिसावर असेल तर बायकोला मिळतो एच-४. या व्हिसावर तुम्ही राहू शकता, शिकू शकता, ड्रायव्हिंग लायसन्स काढू शकता. पगाराची नोकरी मात्र थेट करता येत नाही. मुंबईहून अमेरिकेला गेलेल्या मेघना दमाणी यांनी याच घुसमटीवर 'हार्ट्स सस्पेंडेड' ही डॉक्युमेंटरी केली होती, ती २००७ मध्ये. तेव्हा एच-४वाल्यांना नोकरीची वाटच नव्हती.

वाट उघडली २६ मे २०१५ पासून. ओबामा सरकारच्या नियमानुसार काही एच-४धारकांना 'ईएडी', म्हणजे नोकरीचं परवानगीपत्र मिळू लागलं. 'काही' हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. जोडीदाराच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा त्याच प्रक्रियेमुळे त्याच्या एच-१बीला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली हवी. नुकताच अमेरिकेत पोहोचलेला मुलगा असेल, तर कंपनीनं ही प्रक्रिया सुरू करून आय-१४० हातात पडेपर्यंत एक-दोन वर्षं सहज जातात. म्हणूनच 'ग्रीन कार्डचं काय?' हा काकांचा प्रश्न चुकीचा नाही, अर्धवट आहे. खरा प्रश्न असा: 'आय-१४० मंजूर झालाय का? नसेल, तर कंपनी कधी भरणार आहे?'

या ईएडीचा सगळ्यात जास्त फायदा आपल्याच मुलींना झाला. सुरुवातीच्या वर्षांत मंजूर झालेल्या अर्जांत भारतीयांचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त होतं आणि महिलांचंही तेवढंच. नियमाविरुद्ध 'सेव्ह जॉब्स यूएसए' ही संघटना २०१५ मध्येच कोर्टात गेली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टानं नियम वैध ठरवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणजे त्या बाजूनं हुश्श!

दुसऱ्या बाजूनं मात्र फास आवळलाय. पूर्वी ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला की जुन्या कार्डाला ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही सोय मिळणं बंद झालं. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर चालू नोकरी थांबवावी लागते. त्यामुळे मुदत संपायच्या १८० दिवस आधी, म्हणजे अर्ज करायची मुभा मिळते त्याच आठवड्यात फॉर्म भरायचा. शिवाय १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४च्या अर्जदारांची सोशल मीडिया प्रोफाइल्स तपासायला सुरुवात झाली आणि ती 'पब्लिक' ठेवायला सांगितलं गेलं. तेव्हा इन्स्टावर काय टाकलंय, एकदा चाळून घ्या.

एका अक्षराचा फरक

अमेरिकेतच एच-४ऐवजी दुसरा व्हिसा असेल तर चित्र पार बदलतं. भारतातल्या कंपनीनं स्वतःच्याच अमेरिकन ऑफिसात बदली केली तर मुलाला एल-१ मिळतो आणि बायकोला एल-२. नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ जोडीदाराला वेगळ्या ईएडीची गरज उरलेली नाही. व्हिसाच्या दर्जातच नोकरीची परवानगी धरली जाते. रिसर्चसाठी जे-१वर गेलेल्याच्या जोडीदाराला, म्हणजे जे-२ला, ईएडीसाठी अर्ज करता येतो. आणि मुलगा एमएस करायला एफ-१वर गेला असेल तर एफ-२वरच्या बायकोला नोकरी अजिबात नाही. फुल टाइम डिग्रीही नाही.

मग एच-४वाल्यांनी नुसतं बसून राहायचं? मुळीच नाही. एक रस्ता शिक्षणाचा. स्वतः एफ-१ घेऊन डिग्री केली तर त्यानंतर १२ महिने कामाची परवानगी मिळते आणि सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनीअरिंग, मॅथ्सच्या विषयात असाल तर आणखी २४ महिने. खर्च दणदणीत, हे गृहीत धरा. दुसरा रस्ता स्वतःच्या एच-१बीचा. पण त्यात लॉटरी आहेच, आणि परदेशातून नव्यानं आणायच्या कर्मचाऱ्यांच्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलरची फी जाहीर झाल्यापासून कंपन्या दहादा विचार करतात.

'मी इकडच्याच कंपनीचं काम तिकडून लॅपटॉपवर करीन,' हे हल्ली सर्रास ऐकू येतं. जरा थांबा. पगार भारतातल्या खात्यात आला तरी तुम्ही बसलेल्या असता अमेरिकेत. परवानगीशिवाय केलेलं काम पुढे ग्रीन कार्डच्या वेळी अंगाशी येऊ शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नका. व्हॉलंटिअरिंगचंही तसंच. देवळात, लायब्ररीत, महाराष्ट्र मंडळात सेवा म्हणून केलेलं काम चालतं. जिथे एरवी पगारी माणूस ठेवला जातो ते काम फुकट करणं चालत नाही.

जग अमेरिकेपुरतं नाही

आता बाकीच्या देशांवर एक नजर.

जर्मनी: नवऱ्याकडे ईयू ब्लू कार्ड असेल तर बायकोला जाण्याआधी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही आणि पोहोचल्यावर नोकरीची पूर्ण मुभा आहे. पण कायद्यानं मुभा मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. जर्मन येत नसेल तर आयटीच्या बाहेर दारं पटापट उघडत नाहीत.

ब्रिटन: स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला जवळपास कुठलीही नोकरी करता येते. पण जोडीदाराला नेता येईल का, हाच प्रश्न आता कठीण झालाय. केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही. २२ जुलै २०२५ पासून डिग्रीच्या पातळीखालच्या नोकऱ्यांवर नव्यानं जाणाऱ्यांनाही तीच बंदी लागली. मास्टर्सच्या विद्यार्थ्यांचा दरवाजा तर जानेवारी २०२४ मध्येच बंद झाला. रिसर्च करणारे तेवढे सुटले. एजंट 'फॅमिलीसकट पाठवतो' म्हणाला तर या तारखा त्याच्यासमोर ठेवा.

कॅनडा: इथे जोडीदाराला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करायची परवानगी मिळते. २१ जानेवारी २०२५ पासून मात्र ती वरच्या श्रेणीच्या आणि काही ठरावीक नोकऱ्या करणाऱ्यांच्या जोडीदारांपुरतीच उरली. शिवाय अर्ज करताना त्याच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक हवेत.

ऑस्ट्रेलिया: ४८२ व्हिसावर बरोबर गेलेल्या जोडीदाराला नोकरीवर बंधन नाही.

सिंगापूर: पूर्वी डिपेंडंट पासवर एका संमतीपत्रावर काम व्हायचं. १ मे २०२१ पासून नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास लागतो.

जपान: डिपेंडंटला परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. पार्ट टाइमवर समाधान मानायचं असेल तर ठीक.

यूएई: खोपोली-खालापूरच्या स्टील आणि केमिकल कारखान्यांतला अनुभव गाठीशी बांधून आखात गाठायचा विचार इकडे घरोघरी होतो. दुबईत नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर राहूनही बायकोला नोकरी करता येते. मालकानं तिच्या नावाचं वर्क परमिट काढलं की झालं.

आणि आपण स्वतः? भारतात नोकरीला आलेल्या परदेशी माणसाच्या जोडीदाराला 'एक्स' व्हिसा मिळतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही. तेव्हा फक्त अमेरिकेच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही!

निघण्याआधी, इथेच

लग्नाचे फोटो हजार, पण सर्टिफिकेट नाही, असं पुष्कळ घरांत असतं. ते पहिलं उरका. गावात लग्न झालं तर ग्रामपंचायतीत, कर्जत किंवा खोपोली शहरात झालं तर नगरपरिषदेत नोंदणी होते. मुदत ९० दिवसांची, साक्षीदार तीन. रजिस्टर्ड लग्न करणार असाल तर ३० दिवसांच्या नोटिशीचा हिशेब धरा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे करारातल्या बहुतेक देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा एक शिक्का पुरतो. यूएईसाठी मात्र दूतावासाचं अटेस्टेशन वेगळं लागतं.

नावाचा घोळ करू नका. डिग्रीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं आणि सर्टिफिकेटवर भलतंच स्पेलिंग, यात महिने जातात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. खोपोलीच्या केएमसीतून किंवा कर्जतच्या कोकण ज्ञानपीठातून शिकलेल्यांची डिग्री मुंबई विद्यापीठाची. तिची ट्रान्स्क्रिप्ट्स इथे असतानाच काढा. परदेशात मूल्यांकनासाठी ती लागणारच, आणि तिकडून कलिनाला खेटे कोण घालणार? नर्स, फार्मासिस्ट, शिक्षिका असाल तर त्या देशाचं लायसन्स वेगळं लागतं. त्याचा अभ्यास साखरपुड्याच्या आधीच सुरू केलात तरी लवकर नाही.

नको ते झालं तर?

लग्नाच्या घरात हे बोलायचं नसतं, म्हणून इथे बोलते. डिपेंडंटचा व्हिसा जोडीदाराच्या व्हिसाला बांधलेला असतो. त्याची एच-१बीची नोकरी गेली तर नवी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात, तुम्हालाही तेवढेच. घटस्फोट झाला तर एच-४ संपतो. मारहाण सहन करत राहायची गरज मात्र नाही. छळ झालेल्या एच-४ जोडीदाराला अमेरिकेत स्वतःच्या नावानं नोकरीच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टलही आहे. पासपोर्ट स्वतःकडे ठेवा, सगळ्या कागदांच्या कॉपीज माहेरी मेल करून ठेवा आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं चालू ठेवा. यात अविश्वास कसला? ही साधी शिस्त आहे.

मुलग्यांनो, तुम्हीही वाचा

डिपेंडंट म्हणजे बायकोच, असं कोणी सांगितलं? हल्ली ऑनसाइट बायको जाते आणि एच-४वर नवरा जातो, अशी जोडपी काही कमी नाहीत. तशी आपल्याकडची ही गोष्ट जुनीच आहे. पोस्टातल्या नोकरीत अलिबागलाही राहून गेलेल्या गोपाळराव जोशींची बायको आनंदीबाई १८८३ मध्ये एकटी अमेरिकेला गेली. ती १८८६ मध्ये डॉक्टर झाली आणि गोपाळराव तिच्यामागून तिकडे पोहोचले. तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, पण 'बायकोच्या मागे गेला' म्हणणारी तोंडं तेव्हाही असणारच. लिव्ह-इनमध्ये असाल तर एवढं लक्षात ठेवा, की अमेरिकेच्या एच-४ला लग्न झालेलं लागतं. ब्रिटन अविवाहित जोडीदारालाही मान्यता देतं, पण किमान दोन वर्षांच्या नात्याचा पुरावा मागतं.

तर पुढच्या वेळी पोह्यांची डिश हातात असताना समोरच्याला हे चार प्रश्न बिनधास्त विचारा. तुझा व्हिसा कुठला? त्यावर मला नोकरी करता येईल का? नाही, तर किती दिवसांनी? आणि तोपर्यंत माझ्या शिक्षणाचा खर्च आपण दोघं मिळून करणार का? पहिल्या तिन्हींची उत्तरं त्या-त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर ताडून बघता येतात, आणि नियम इतक्या वेगानं बदलतात की ती तिकीट काढायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा बघाच. चौथ्याचं उत्तर वेबसाइटवर मिळत नाही. ते त्याच्या तोंडून ऐका, आणि मगच होकार कळवा.