आवडले नाही, कारण...

मागे एका नातेवाइकाच्या लग्नाला हैदराबादला गेलो होतो. रविवारची सकाळ मोकळी मिळाली म्हणून आबिड्सला गेलो. रविवारी तिथली दुकाने बंद असतात आणि फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. मी एक कादंबरी चाळत होतो. शेजारचा गृहस्थ, ओळख ना पाळख, मला म्हणाला, "नक्को लो मियाँ, आधे के बाद बैठ जाती." (दखनीतला हा नक्को म्हणजे आपलाच नको!) विक्रेता उसळला. गिऱ्हाईक तुटते म्हणून नव्हे, त्याला ती कादंबरी आवडली होती म्हणून. दोघे दहा मिनिटे तावातावाने भांडले, मग एकत्र चहा प्यायले. मी कादंबरी घेतली.

आता आपले गोव्यातले प्रकाशन सोहळे आठवा. समई, शाल, श्रीफळ, आभार. पुस्तक सोडून सगळ्यावर बोलणे होते. अध्यक्ष "वेळेअभावी फक्त चाळले" म्हणतात आणि आपण टाळ्या वाजवतो! खरे मत बाहेर चहाच्या वेळी, तेही कानात. कारण लेखक गावचा, नाहीतर खात्यातला. त्यात १९८७च्या राजभाषा कायद्यापासून पुस्तक कुठल्या भाषेत आहे यावरच आपण भांडतो, आत काय आहे यावर नाही. मराठी पुस्तकाला वाईट म्हटले की तुम्ही मराठीचे वैरी!

मीही यातलाच. कचेरीतल्या एका मित्राचा कवितासंग्रह तिसऱ्या पानावर मिटला आणि त्याला "छान" म्हणालो. त्याने त्याच चुकांसह दुसरा काढला, पदरचे पैसे घालून. त्या पैशांत माझ्या "छान"चा वाटा आहे.

स्पष्ट बोलल्याने नवे लेखक खचतात म्हणे. खोटे! ते खचतात न वाचता केलेल्या कौतुकाने.

आबिड्सजवळच सुलतान बाजारात १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे वाचनालय आहे. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी लागे, तेव्हा अशा वाचनालयांनी लोकांना जमायला, बोलायला जागा दिली. पोर्तुगीज अमलात आपल्याकडेही सभाबंदी होती. १८ जून १९४६ रोजी मडगावात लोहियांनी ती मोडली. आज पुस्तकावर बोलायला कुणाची बंदी आहे? आपणच आपले सेन्सॉर!

तेव्हा पुढच्या सोहळ्यात निदान एकाने उठून म्हणावे, "मला आवडले नाही, कारण..." आणि त्या 'कारण'च्या पुढे बोलता येईल इतके वाचून यावे. सुरुवात माझ्यापासून. मित्राला दुसऱ्या संग्रहाविषयी अजून काही बोललेलो नाही. उद्या बोलणार आहे.