पूल बांधा, पण पांढरी खणू नका

गावाला पूल मंजूर झाला की आधी येतं ते बोअरिंगचं मशीन. खडक किती खोल आहे, माती कसली आहे, पुराचं पाणी कुठवर चढतं, सगळं तपासतात. तपासायलाच हवं. पण त्याच काठावर पायाखाली खापरं कोणत्या काळाची आहेत, हे बघायला कोणी येत नाही. माझं भांडण एवढंच आहे.

"खापरांसाठी पूल अडवायचा का, गुरुजी?" असं लगेच ऐकायला मिळतं. अडवा असं कोण म्हणतंय? २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल वाहून गेला. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. दोन्हीकडे माणसं गेली. मोडका पूल खुशाल पाडा. पण अंदाजपत्रक, निविदा, मंजुरी यांत महिनेच्या महिने जातात. तेवढ्यात एखादा जाणता माणूस चार दिवस दोन्ही काठ पायी फिरला, तर कोणाचं काय अडतं?

काठच का, ते सांगतो. पूल बहुधा जुन्या उताराजवळ होतो, आणि नदीला उतार जिथे, वस्ती तिथे. आपल्या खानदेशातच बघा. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे, तिथे १९५५ साली बी. के. थापरांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती हाती लागली. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बहाळ, आणि पलीकडच्या काठावर टेकवाडे. म. न. देशपांड्यांना तिथे त्या काळातली दफनं मिळाली. म्हणजे राहते घर अलीकडे आणि मसणवटा पलीकडे! तापीकाठच्या सावळद्याचं नाव तर एका अख्ख्या संस्कृतीला मिळालंय. शाळेच्या पुस्तकात मात्र मोहेंजोदडो पाठ करून घ्यायचं. असो.

खरं नुकसान पुलाच्या खांबांनी फारसं होत नाही. ते होतं जोडरस्त्याच्या भरावाने. भरावाला माती लागते आणि ठेकेदाराला जवळची, फुकटची माती हवी असते. अशी माती म्हणजे गावाची पांढरी! एका गावी नव्या भरावात मडक्यांचे काठ आणि राख मी स्वतः पाहिली आहे. शेकडो वर्षांचं गाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून रस्त्याखाली दाबलेलं. विचारलं तर उत्तर मिळालं, "माती चांगली दबते."

कायदा आहे की, म्हणाल. २०१० च्या दुरुस्तीने केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आलं. पण ज्या टेकाडाची कुठे नोंदच नाही, त्याला यातलं काय मिळणार? अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने केंद्र सरकारचा पैसा लागणाऱ्या कामात ऐतिहासिक जागांवर काय परिणाम होईल, हे आधी बघावं लागतं. पुलांनाही ते लागू आहे. तिथे पूल होतातच ना?

आपल्याकडे माणसं नाहीत असंही नाही. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, जळगावला विद्यापीठ आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहे. पुलाच्या अंदाजपत्रकात काठांच्या पाहणीची एक बाब घाला. जुन्या पुलावर साल कोरलेला दगड असेल तर पाडण्याआधी तो काढून ग्रामपंचायतीत ठेवा. आणि भरावाची माती कोणत्या गटातून उचलणार, ते ठेकेदाराकडून काम सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या.